दुसरा भाग बघायला जाताना

१९८६ साली ‘टॉप गन’ आला तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा, २०२२ च्या मे महिन्यात ‘टॉप गन: मॅव्हरिक’ लागला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा झाला होता. मधल्या छत्तीस वर्षांतली शेवटची दोन तर निव्वळ करोनाची. पिक्चर २०२० च्या जूनमध्ये यायचा होता, थिएटरं बंद पडली आणि तो थांबून राहिला. ‘गदर’ २००१ चा, ‘गदर २’ २०२३ च्या ऑगस्टमधला. पहिल्या वेळी आईच्या कडेवर असलेलं पोर दुसऱ्या वेळी स्वतःच्या पगारातून सगळ्या घराची तिकिटं काढतं. ‘बाहुबली’च्या दोन भागांत पावणेदोन वर्षांचंच अंतर होतं, पण एका प्रश्नाचं उत्तर अडकवून ठेवल्यामुळे ती पावणेदोन वर्षं घरोघर वाद घालण्यात गेली.

म्हणून दुसरा भाग हा घरानं एकत्र बघायचा पिक्चर, असं मी मानतो. एरवी ॲक्शनपट आवडणारे घरात दोघंतिघंच असतात. दुसऱ्या भागाला मात्र प्रत्येकाचं काहीतरी येणं बाकी असतं. बाबांनी पहिला भाग मडगावच्या विशांतला नाहीतर म्हापशाच्या अलंकारला बाल्कनीत बसून बघितलेला असतो, आईनं दूरदर्शनवर जाहिरातींसकट, आणि पोरानं मोबाईलवर, तोही तुकड्यातुकड्यांत. एकच पिक्चर तिघांच्या डोक्यात तीन आकारांचा असतो. तिघांना एका अंधारात शेजारी बसवायचं तर तिकिटं काढून भागत नाही. त्यामागे चारपाच दिवसांची तयारी असते, आणि ती नीट केली तर पिक्चर बेताचाच असला तरी दिवस वाया जात नाही.

पेडण्या-सत्तरीतल्या जत्रेत दशावतारी काला बघत वाढलेल्यांना या आनंदाची जात ओळखीची आहे. राक्षस शेवटी मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आतून आरोळी ऐकू आली, पायपेटी आणि मृदंग चढत गेले, झांज कडाडली की पुढे चटईवर बसलेली पोरं आईच्या मांडीत शिरतात. पुढच्या जत्रेला तीच पोरं तोच राक्षस बघायला तिथेच येऊन बसतात. तो कसा येतो, मागच्या वर्षीपेक्षा जोरात येतो का, हे बघायचं असतं. नायकाच्या एन्ट्रीला थिएटरात जी शिट्टी पडते ती याच जातीची. दुसऱ्या भागात पहिल्याचं संगीत ज्या क्षणी परत वाजतं, तो क्षण नवख्या प्रेक्षकाला नुसतं पार्श्वसंगीत वाटतो आणि वाट बघितलेल्याच्या अंगावर काटा येतो. हा काटा घरातल्या सगळ्यांच्या अंगावर यायला हवा असेल तर पहिल्या भागापासून सुरुवात करावी लागते.

पहिला भाग पुन्हा बघायची योग्य वेळ म्हणजे चार ते सात दिवस आधी. आदल्या रात्री बघू नये. अडीच तास ओरडा-आपटी बघून झोपलेल्या माणसाचे कान आणि डोळे दुसऱ्या दिवशी ताजे नसतात, आणि पहिल्या भागातले बारकावे इतके जवळ असतात की दुसऱ्या भागातली प्रत्येक विसंगती टोचत राहते. आठवड्याचं अंतर ठेवलं की मोठ्या गोष्टी लक्षात राहतात आणि बारक्या गळून जातात. पिक्चर तीन तासांचा असेल तर दोन संध्याकाळींत वाटावा, इंटरव्हलपर्यंत एक आणि पुढे एक. यूट्यूबवरचे दहा मिनिटांचे सारांश मला पटत नाहीत. कोण कुणाचा कोण लागतो एवढं त्यात कळतं, पण नायकाबद्दल माया उत्पन्न व्हायला लागणारा वेळ त्यात नसतो. ज्याला खरंच वेळ नाही त्याला तीन गोष्टी तोंडी सांगाव्यात: पहिल्या भागात कोण मेलं, कोण कुणाचं देणं लागतं, आणि कोणती वस्तू किंवा जागा पुन्हा येणार आहे. आजीला सांगताना पात्रांची नावं घेऊ नयेत, नाती सांगावीत. ‘तो विमानातला मित्र मेला होता ना, त्याचा मुलगा’ एवढं म्हटलं की पुरतं.

लहान मुलं असतील तर तिकिटाआधी सर्टिफिकेट बघावं. २०२४ च्या नव्या नियमांनुसार ‘यूए’चे तीन भाग झाले आहेत: ७+, १३+ आणि १६+. यूएमध्ये वयाचा आकडा पालकांनी ठरवण्यासाठी असतो. नऊ वर्षांच्या मुलाला १३+ च्या पिक्चरला आईबापांबरोबर आत सोडतात, निर्णय आईबापांचा. ‘ए’ला मात्र अठराच्या आतल्या कुणालाही प्रवेश नाही, बरोबर आईबाप असले तरी नाही, आणि दारावर आधार कार्ड मागतात. इथे घरं हमखास फसतात. पहिला भाग यूए होता म्हणून दुसराही असेल असं धरून सात तिकिटं काढली जातात आणि बारा वर्षांची मुलगी दारातून परत फिरते. मालिकांची हिंसा भागागणिक वाढत जाते, त्याबरोबर सर्टिफिकेट बदलू शकतं. बुकिंगच्या पानावर भाषेच्या शेजारीच ते लिहिलेलं असतं.

भाषाही तिथेच ठरवावी. तेलुगू किंवा कन्नड पिक्चर मूळ भाषेत बघण्याची गोडी वेगळी, पण सबटायटल्स इंग्रजीत असतात आणि मारामारीत ती दीड-दोन सेकंदांत निघून जातात. आजी-आजोबा बरोबर असतील तर हिंदीचाच शो घ्यावा. पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरं पुढच्याच्या डोक्याआड जातात, हे रांग सपाट असलेल्या जुन्या थिएटरात विशेष. थ्रीडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरचं माणूस साठीच्या पुढचं असेल तर टूडी. साध्या पिक्चरला पडद्यावर जेवढा उजेड असायला हवा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच थ्रीडीच्या चष्म्यातून डोळ्यांपर्यंत पोचतो. रात्रीचा पाठलाग असेल तर मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्यांना त्यात काळोखच दिसतो. शिवाय चष्म्यावर चष्मा तीन तास टिकत नाही, नाकावर ओझं होतं.

आता खुर्च्या. सगळ्या तयारीत इथे सर्वांत कमी विचार होतो, आणि अर्धा आनंद इथेच ठरतो. मागची रांग उत्तम ही समजूत बाल्कनीच्या दिवसांतली, जेव्हा मागे बसणं म्हणजे महागात बसणं होतं. ॲक्शनपटाला पडद्यापासूनचं चांगलं अंतर म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या सव्वापट ते दीडपट. समजा पडदा बारा मीटर रुंद आहे, तर पंधरा ते अठरा मीटर. एवढ्या अंतरावरून पडदा डोळ्यांना साधारण ३७ ते ४४ अंशांत दिसतो, म्हणजे नजर मान न वळवता दोन्ही कडांपर्यंत जाते आणि तरी दृश्यात शिरल्यासारखं वाटतं. पहिली रांग पाच मीटरवर असेल तर तिथून तोच पडदा शंभर अंशांत पसरतो. डावीकडून आलेली गाडी उजवीकडे जाईपर्यंत डोकं फिरवावं लागतं. दोन रांगांत सव्वा मीटरला थोडं कमी अंतर धरलं तर पुढून दहावी ते बारावी रांग येते. चौदा-पंधरा रांगांच्या सभागृहात ही जागा मागच्या तिसऱ्या हिश्श्याच्या तोंडाशी पडते.

अक्षरांवर विसंबू नये. काही ठिकाणी ‘ए’ रांग पडद्याजवळ असते, काही ठिकाणी सर्वांत मागे. नकाशात पडदा कुठल्या बाजूला काढलाय ते बघून रांगा बोटानं मोजाव्यात.

सात माणसं एका रांगेत सलग बसवू नयेत. कडेचे दोघं मधल्यापासून इतके लांब पडतात की पॉपकॉर्न पोचेपर्यंत संपतो आणि आजी काय म्हणाली ते नातवाला कळत नाही. चार पुढे आणि तीन बरोबर मागे, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, अशी मांडणी करावी. मागचे तिघं वाकून कानात बोलू शकतात आणि सगळे पडद्यासमोर राहतात. लहान मूल पुढच्या ओळीत, त्याच्या मागे आपलंच माणूस. म्हणजे त्यानं खुर्चीवर उभं राहून बघितलं तरी भांडण होत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ज्या पातळीवर दार उघडतं ती रांग आणि जिन्याकडची खुर्ची. मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या एकसारख्या नसतात, एक रुंद आणि एक अरुंद अशा येतात. कडेला दिव्याची पट्टी असते खरी, पण पाय टाकायची जागा अंधारात राहते. आजीला दिवे मालवायच्या आधी बसवावं आणि परततानाही दिवे पूर्ण लागल्यावरच उठवावं. मागच्या भिंतीला टेकलेले रिक्लायनर आरामाचे असतात, पण ॲक्शनपटाला ते लांब पडतात, आणि भिंतीजवळ खर्ज जास्त घुमतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तिथे बसवलं तर स्फोट त्याच्या पाठीत वाजतो.

आवाजाची रचना समजली तर खुर्चीचं गणित आणखी पक्कं होतं. पडद्याला बारीक भोकं असतात आणि त्याच्यामागे डावा, मधला, उजवा असे मोठे स्पीकर उभे असतात. संवाद जवळजवळ पूर्ण मधल्यातून येतात. बाजूच्या भिंतींवरचे स्पीकर पाऊस, गोळ्या, गर्दी यांच्यासाठी. भिंतीलगतच्या खुर्चीवर बसलात की डोक्यावरचा एकच स्पीकर कानात ओततो आणि संवाद त्याखाली दबतात. ‘काय बोलतात कळतच नव्हतं’ ही तक्रार पुष्कळदा कानांची नसून खुर्चीची असते. दुसरं कारण आवाजाच्या पातळीचं. ज्या पातळीवर पिक्चरच्या आवाजाचं मिक्सिंग होतं ती थिएटरच्या आवाजाच्या यंत्रावर, म्हणजे प्रोसेसरवर, ‘७’ या आकड्यानं दाखवतात. समोरचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलला जुळवलेला असतो, आणि सर्वांत मोठ्या आवाजाला त्यावर आणखी वीसची जागा ठेवलेली असते. लोक कान दुखतात म्हणून सांगतात, मग आकडा साडेपाचावर येतो. एवढ्यानं पाचेक डेसिबल कमी होतात, स्फोट सहन होतात, पण कुजबुज बुडते. आवाज फार मोठा किंवा फार बारीक वाटला तर पहिल्या पाचदहा मिनिटांतच दारावरच्या माणसाला नम्रपणे सांगावं. जाहिराती संपून पिक्चर सुरू होईपर्यंत थांबावं. जाहिरातींचा आवाज हा मापदंड नाही.

मुलांसाठी कानावर बसणारे इअरमफ घ्यावेत. कापसाचे बोळे दिलासा देतात, आवाज फारसा अडवत नाहीत. इअरमफ आठवडाभर आधी घरी मिक्सर चालू असताना घालून बघावेत. चिमटा घट्ट असेल तर मूल ते अंधारात फेकून देतं. दोन्ही कानांवर तळवे दाबून, डोळे मात्र पडद्यावर उघडे ठेवून बसलेलं मूल घाबरलेलं नसतं, त्याला पिक्चर बघायचा असतो आणि आवाज नको असतो. त्याला बाहेर नेऊ नये, इअरमफ चढवावेत. दोन मिनिटांत तळवे खाली येतात आणि एक हात पॉपकॉर्नकडे जातो. श्रवणयंत्र लावणाऱ्या आजोबांनी यंत्राचा आवाज एक पायरी खाली आणावा, आणि जास्तीचा सेल खिशात ठेवावा, कारण तो नेमका क्लायमॅक्सला संपतो.

डोळ्यांचं असंच. कॅमेरा हातात धरून हलवलेला असेल आणि दर सेकंदाला कट असेल, तर डोळे सांगतात आपण हलतोय आणि कानातला तोल सांगतो आपण बसलोय. मळमळ यातून होते. पण वेगवान कट म्हणजे त्रास असं मुळीच नाही. २०१५ चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ मालिकेतल्या तिसऱ्या भागानंतर तीस वर्षांनी आला. दोन तासांत त्यात सुमारे २,७०० कट आहेत, तरी डोकं दुखत नाही. कारण प्रत्येक चौकटीत बघायची वस्तू पडद्याच्या मध्यावर ठेवलेली आहे, कट झाला तरी डोळ्यांना शोधावं लागत नाही. संकलनाचं ऑस्कर त्याला उगाच मिळालं नाही. मुलांबरोबर जाताना ही एक गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवावी: मारामारी चालू असताना तुझे डोळे कुठे आहेत ते बघ. ‘मॅव्हरिक’मध्ये विमानाच्या कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसवून नटांना खरोखर आकाशात नेलं होतं. चेहऱ्याची कातडी मागे ओढली जाते ती खरी, हे आधी माहीत असलं की ती दृश्यं वेगळीच दिसतात. ज्याला गाडी लागते त्यानं बाराव्या रांगेच्या पुढे येऊ नये, आणि गरगरलं तर डोळे मिटण्याऐवजी पडद्याच्या काळ्या कडेवर नजर ठेवावी. लखलखणाऱ्या दिव्यांनी झटका येण्याचा ज्यांना त्रास आहे त्यांनी आधी सूचना वाचावी. अचानक तसं दृश्य आलंच तर एक डोळा तळव्यानं पूर्ण झाकावा.

आता वेळ, आणि हे गणित गोव्याचं आहे. नवा पिक्चर बहुधा शुक्रवारी लागतो, आणि शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. त्या दिवशी पेडण्याहून, डिचोलीहून निघणाऱ्या बसेस पिशव्यांनी भरलेल्या असतात. आजीला घेऊन पहिल्या दिवसाचा पहिला शो गाठायचा हट्ट असेल तर गाडी हवीच. घरासाठी मला शनिवारची सकाळ किंवा रविवारची दुपार बरी वाटते. पहिल्या दिवशीची गर्दी मजेची असते, पण शिट्ट्यांत अर्धे संवाद जातात. ते तरुण पोरांनी आधी जाऊन यावं आणि घरी येऊन तोंड मिटून बसावं.

समजा पिक्चर तीन तास वीस मिनिटांचा आहे. ‘पुष्पा २’ एवढाच होता. संध्याकाळी साडेसहाचा शो घेतला: जाहिराती-ट्रेलर वीस मिनिटं, इंटरव्हल पंधरा, म्हणजे सुटायला दहा पंचवीस. गर्दीतून गाडी काढायला वीस मिनिटं. पणजीहून वाळपई सव्वा तास. दार उघडेपर्यंत बारा वाजले. ज्यांना मधुमेहाच्या गोळीनंतर वेळेवर जेवायचं असतं, त्यांच्यासाठी हा शो नाही. साडेबाराचा घेतला तर साडेचारच्या आत बाहेर, वाटेत अंधार नाही, सहाच्या सुमारास घरी. बसनं जाणाऱ्यांसाठी तर दुपारचाच, कारण रात्र पडली की गावाकडच्या बसेस विरळ होतात. दिवाडी-चोडणची मंडळी असतील तर फेरीबोटीच्या शेवटच्या खेपेची वेळ आधी विचारून ठेवावी. पणजीत शनिवार-रविवारी संध्याकाळी मांडवीकाठचा रस्ता कॅसिनोच्या गर्दीनं तुंबतो. मांडवीवरच्या अटल सेतूवरून दहा मिनिटांत आलेली गाडी पुढे अर्धा तास जागेवर उभी राहते. म्हाताऱ्या माणसांना दारात उतरवून एकानं गाडी लावायला जावं, आणि तो ज्याला पहिली दहा मिनिटं चुकली तरी चालतील असा असावा. असा माणूस घरात नसेल तर चाळीस मिनिटं आधी पोचावं.

नोव्हेंबरच्या विसाच्या आसपास पिक्चर लागत असेल तर वेगळी काळजी. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारातले पडदे त्या दिवसांत महोत्सवाला जातात. तेव्हा मडगावकडे बघावं. आणि चवथीला गावच्या घरी जमलेल्या चौदा जणांनी दीड दिवसाचा गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी पिक्चरला जायचं ठरवलं, तर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधीच तिकिटं काढावीत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुट्टीवर डोळा ठेवूनच मोठे पिक्चर लावतात, आणि सलग चौदा खुर्च्या चार दिवस आधीही मिळत नाहीत. सात-सातचे दोन गट करून प्रत्येक गटाला चार आणि तीन अशा एकाखाली एक रांगा घ्याव्यात.

पावसाळ्यात सर्वांत मोठा शत्रू एसी. बाहेर धो धो, गाडीपासून दारापर्यंतच्या शंभर पावलांत पायजमे घोट्यापर्यंत भिजलेले, आणि आत बावीस अंशांच्या आसपास गारवा. पहिल्या अर्ध्या तासात मुलांची बोटं पांढरी पडतात आणि मग पडद्यावर काहीही चालू असो, मन थंडीतच राहतं. एका कापडी पिशवीत प्रत्येक मुलामागे एक कोरडा टीशर्ट आणि मोज्यांची जोडी, आजीची शाल, आणि ओल्या छत्र्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. छत्री खुर्चीखाली टाकली की पाणी उतारानं पुढच्याच्या चपलेपर्यंत जातं. मे महिन्यातही शाल लागते; बाहेरच्या घामावर एसीचा वारा बसला की दुसऱ्या दिवशी घसा धरतोच.

खाण्याचं थोडक्यात. बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क थिएटरमालकाला आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३ जानेवारी २०२३ चा निकाल आहे. त्याच निकालात पिण्याचं शुद्ध पाणी फुकट ठेवायला सांगितलं आहे, आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेऊ द्यावं असंही म्हटलं आहे. पाणी मागून घ्यावं, संकोच करू नये. पोट भरायला थिएटरात जाऊ नये; निघताना पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी खाऊन निघावं, आत एक मोठा पॉपकॉर्न चौघांत पुरतो. तो पिक्चर सुरू व्हायच्या आधी घ्यावा. इंटरव्हलला रांगेत उभं राहिलं तर पंधरापैकी बारा मिनिटं तिथेच जातात, आणि बाथरूमची रांग वेगळी.

आपल्याकडच्या ॲक्शनपटात इंटरव्हलच्या आधीची पाच-सात मिनिटं ही पहिल्या अर्ध्या भागाची कमाई असते. सगळा दारूगोळा तिथे रचून ठेवलेला असतो. रांग टाळायची म्हणून त्याच वेळी उठणारी माणसं पिक्चरचा गाभाच सोडून जातात. उठायचंच असेल तर पहिल्या गाण्याला उठावं. परदेशी पिक्चरला मात्र इंटरव्हल मुळात ठरलेलंच नसतं. थिएटरवाले अंदाजानं मध्ये थांबवतात, कधी तर वाक्याच्या मध्यात. तिथे घड्याळ बघून, पंचावन्नाव्या मिनिटाच्या सुमारास, एखाद्या शांत संवादात जाऊन यावं.

दिवे मालवल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी कुणाला काही समजावू नये. वाट बघितलेला दुसरा भाग पहिल्या दहा मिनिटांत जुन्या खुणा पेरतो: एक जॅकेट, एक मोटारसायकल, भिंतीवरचा फोटो. ज्यानं पहिला भाग मनात जपलाय त्याला त्या स्वतः सापडू द्याव्यात. अंधारात बाबांचा श्वास थांबलेला शेजारच्याला जाणवतो, आणि मुलगी पडद्याकडे न बघता क्षणभर बाबांकडे बघते. असं काय आहे त्या फोटोत, हे तिला तेव्हा कळत नाही. इंटरव्हलला ती विचारते. तेव्हा सांगावं, सविस्तर सांगावं, पॉपकॉर्न थंड झाला तरी.

शिट्टी वाजवावी. टाळ्याही. एन्ट्रीला सगळं थिएटर उसळतं तेव्हा हात बांधून बसू नये. मुलांना आईबापांचा हा चेहरा क्वचित बघायला मिळतो. फोन मात्र पूर्ण बंद, नुसता सायलेंट नको, कारण मांडीवर उघडलेल्या एका पडद्यानं मागच्या तीन रांगांचा काळोख फुटतो. आणि एन्ट्रीचा व्हिडिओ काढू नये. थिएटरात पडद्याचं चित्रीकरण हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि जो क्षण डोळ्यांनी बघायला इतकी वर्षं थांबलो तो फोनच्या चौकटीतून बघण्यात काय आहे?

नावं सुरू झाली की उठायची घाई नको. नावांच्या मध्ये किंवा अगदी शेवटी एखादं दृश्य ठेवायची रीत आता रूढ झाली आहे, आणि तिसऱ्या भागाची वाट तिथूनच सुरू होते. पाच ते दहा मिनिटं बसून राहावं. तेवढ्यात पायऱ्यांवरची गर्दी ओसरते, आजीचे गुडघे मोकळे होतात, आणि खुर्चीखालची शाल, इअरमफ, आजोबांच्या चष्म्याचं घर शोधायला उजेड मिळतो. छत्र्यांची पिशवी सर्वांत जास्त विसरली जाते. ती ज्याच्या पायाशी ठेवली त्याचं नाव आधीच ठरलेलं असावं.

परतीच्या वाटेवर रस-आमलेटच्या गाड्यापाशी गाडी थांबते. आमलेटवर ओतलेला वाफाळता रस, म्हणजे मसालेदार रस्सा, वर बारीक कांदा, लिंबाची फोड, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव. आजी विचारते, तो पांढऱ्या दाढीवाला मेला की नाही शेवटी? दोघं ‘मेला’ म्हणतात, तिघं ‘नाही’. घरी एक माणूस राहिलेलं असतं, गुडघ्यांमुळे किंवा गाई-गुरांमुळे, आणि त्याला गोष्ट सांगायची घाई धाकट्याला झालेली असते. तो पायरीवरच चपला काढता काढता सुरू करतो, तोंडानं स्फोट काढून, हातानं विमान वळवून. त्याआधी त्याला एवढंच शिकवून ठेवावं की काकांना पहिल्यांदा विचार, तुम्ही नंतर बघणार आहात का?